उजव्यांची मतं फुटतील म्हणून नावडत्यालाच मत द्यायचं का? (अल्बर्टा)

सांगलीचा_चिनूक विचारतो:

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीत साऊथवेस्टला राहतो, नऊ वर्षं झाली, गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली आणि ऑक्टोबर २०२७ ला अल्बर्टाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणार. वेळ आहे अजून, पण आमच्या ऑफिसात लंचला आत्तापासून हाच विषय असतो आणि माझं डोकं पार भंजाळलंय.

मी तसा उजवीकडे झुकणारा. म्हणजे फार तत्त्वज्ञान वगैरे नाही हो, टॅक्स कमी असावा, तेलाचा धंदा चालावा (माझं पोट त्याच्यावरच आहे), सरकारने घरात येऊन शहाणपण शिकवू नये, एवढंच. एनडीपीला, म्हणजे इथल्या डाव्या पक्षाला, मत देणं मला जमायचं नाही. त्यांचा पुढारी नेन्शी माणूस म्हणून बरा वाटतो, २०१३ च्या पुरात कॅल्गरीचा महापौर असताना त्याने चांगलं काम केलं असं जुने लोक सांगतात, पण पक्ष माझा नाही. मग राहिली यूसीपी, सत्तेतला उजवा पक्ष. तिथे गोची अशी की मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथबाई स्वतः अल्बर्टा वेगळा करा म्हणत नाहीत, पण जे म्हणतात त्यांना दुखवतही नाहीत. आणि मला त्या प्रकाराची खरंच धास्ती वाटते, आत्ता कुठे पासपोर्ट हातात आला आणि लगेच देशच बदलायला निघाले हे लोक!

यूसीपीतून बाहेर काढलेल्या गथ्री आणि सिंक्लेअर या दोन आमदारांनी जुन्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह (पीसी) पक्षाचं नाव परत आणायचा घाट घातला, त्यावरून यूसीपीशी भांडणही झालं, ते वाचून मला वाटलं की अरे हे आपल्यासारख्यांसाठीच आहे, खर्चात काटकसर पण डोकं ठिकाणावर. तर आमचा शेजारी, जन्मापासून कन्झर्व्हेटिव्ह, बर्फ काढता काढता मला म्हणाला की असल्या भानगडीत पडू नकोस, २०१५ आठव, मतं फुटली की एनडीपी आलीच म्हणून समज. दुसऱ्या बाजूला ऑफिसातला एक जण म्हणतो यूसीपी फार मिळमिळीत झाली, मी त्या वेगळं-व्हा म्हणणाऱ्या रिपब्लिकन पार्टी ऑफ अल्बर्टाला देणार. म्हणजे एकाच पक्षाची गोधडी दोन्हीकडून उसवतेय.

२०१५ ला मी इथे नव्हतो. तर जुन्या लोकांनी सांगा, ही मतं फुटायची भीती खरी असते की पक्षवाले बागुलबुवा दाखवतात? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर मनातल्याला दिलं असतं की जिंकणाऱ्याला? बायको म्हणते एवढा त्रास होत असेल तर घरीच बस, पण पहिलंच मत आहे हो.

बो_नदीकाठचा_काका:

चिनूकराव, २०१५ मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्यात माझाही हात आहे, तेव्हा ऐक.

आधी हे समजून घे की पीसी पक्ष इथे १९७१ पासून सलग सत्तेत होता. ४४ वर्षं! पीटर लॉहीड मुख्यमंत्री झाले ते थेट २०१५ च्या प्रेन्टिसपर्यंत. आम्ही आलो तेव्हा राल्फ क्लाइन होते आणि लोक सरकार आणि पीसी यात फरकच करत नसत, आपल्याकडे एकेकाळी काँग्रेस होती तसं. मग खेड्यातल्या आणि कट्टर लोकांना वाटायला लागलं की हे फार मऊ झालेत, पैसा उधळतात, त्यातून वाइल्डरोज पक्ष वाढला आणि त्याची पुढारी कोण, तर हीच डॅनिएल स्मिथ.

आता गंमत बघ. डिसेंबर २०१४ मध्ये स्मिथबाई विरोधी पक्षनेत्या असताना स्वतःसकट नऊ आमदार घेऊन उडी मारून पीसीत गेल्या. विरोधी पक्षनेता सरकारात! आयाराम गयाराम आपल्याला काही नवीन नाही, पण इथल्या लोकांना ते इतकं झोंबलं की विचारू नकोस. माझा गोरा मेकॅनिक, आयुष्यात राजकारणावर एक शब्द न बोलणारा माणूस, गाडीखालून बाहेर येऊन शिव्या घालत होता. प्रेन्टिस यांचा हिशोब साधा होता, उजवी मतं एका छपराखाली आणली की झालं. पण आमदार आले, मतदार आलेच नाहीत. स्मिथबाईंना तर पुढे हायवूडमध्ये पीसीचं तिकीटसुद्धा मिळालं नाही, स्थानिक मेंबरांनीच पाडलं.

त्यात तेल आपटलं. २०१४ च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारीत पन्नासच्या खाली. लेऑफ सुरू. आणि प्रेन्टिस रेडिओवर म्हणाले की या परिस्थितीला जबाबदार कोण ते बघायचं असेल तर आरशात बघा. झालं! मग बजेट आलं, लोकांवर टॅक्स आणि फिया वाढवल्या, कंपन्यांचा टॅक्स तेवढा तसाच ठेवला. आणि निवडणूक २०१६ ला होणार असताना एक वर्ष आधीच लावली. वाइल्डरोजने ब्रायन जीनना नेता केलं ते निवडणूक जाहीर व्हायच्या जेमतेम दहा दिवस आधी, प्रेन्टिसना वाटलं समोर कोणी नाहीच.

५ मे २०१५ चा निकाल पाठ आहे मला. एनडीपी ४०.६ टक्के आणि ८७ पैकी ५४ सीटा. पीसी २७.८ टक्के, सीटा जेमतेम दहा. वाइल्डरोज २४.२ टक्के आणि सीटा २१. दोघांची बेरीज ५२ टक्के, तरी रेचल नॉटली मुख्यमंत्री. आणि पीसीला वाइल्डरोजपेक्षा मतं जास्त पण सीटा निम्म्या, कारण वाइल्डरोजची मतं खेड्यांत एका जागी घट्ट आणि पीसीची सगळीकडे पातळ पसरलेली, फोडणीसारखी.

तू साऊथवेस्टला म्हणालास म्हणून मुद्दाम सांगतो. कॅल्गरी-ग्लेनमोर रायडिंगमध्ये (म्हणजे मतदारसंघात) त्या रात्री एनडीपी आणि पीसी दोघांना बरोब्बर ७,०१५ मतं पडली. टाय! फेरमोजणीत एनडीपी सहा मतांनी जिंकली. सहा. मी ग्लेनमोरमध्येच राहायचो आणि रागाच्या भरात वाइल्डरोजला देऊन आलो होतो, घरी आमची ही आणि मुलगा धरून तीन मतं. आमच्यासारखी आणखी दोन मराठी घरं त्या गल्लीत होती. सहा मतांचा हिशोब आमच्या जेवणाच्या टेबलावर पुढे चार वर्षं चालला.

२०१७ ला दोन्ही पक्षांच्या मेंबरांनी ९५ टक्क्यांनी विलीनीकरणाला हो म्हटलं, त्यातून यूसीपी झाली, केनी तिचे पुढारी झाले, एप्रिल २०१९ ला यूसीपी ५४.९ टक्के आणि ६३ सीटा. तेव्हा तुझा शेजारी काही उगाच बोलत नाहीये.

आकडेमोड_करणारा:

काका, तुमचा अनुभव मान्य पण ५२ टक्क्यांची ती बेरीज मला कधीच पटली नाही, आणि यूसीपीवाले ती दर निवडणुकीत तोंडावर फेकतात म्हणून लिहितो.

२०१५ च्या आधीची निवडणूक बघा ना. २०१२ ला पीसी ४४ टक्के, वाइल्डरोज ३४ टक्के, लिबरल आणि एनडीपी प्रत्येकी दहाच्या आसपास. म्हणजे उजव्यांची मतं तेव्हा पण फुटलेलीच होती, चांगली मधोमध फुटली होती, आणि तरी एनडीपीच्या सीटा किती? चार! पीसी ६१. मग फुटण्यानेच एनडीपी येत असेल तर २०१२ ला का नाही आली?

कारण त्या वेळी पोल सगळे वाइल्डरोज येणार सांगत होते, शेवटच्या आठवड्यात त्यांच्या एका उमेदवाराचा समलैंगिकांविषयीचा जुना ब्लॉग बाहेर आला, स्मिथबाईंनी त्याला काढलं नाही, आणि शहरातली लिबरल मनाची मंडळी घाबरून अ‍ॅलिसन रेडफर्डच्या पीसीला मत देऊन आली. म्हणजे पीसीच्या त्या ४४ टक्क्यांत कितीतरी मतं उसनी होती. २०१५ ला उसनी मतं परत गेली, आणि वर पीसीची स्वतःची शहरी मतंही बरीच गेली. वाइल्डरोज पण ३४ वरून २४ वर आला हे विसरू नका. दोघेही घसरले आणि एनडीपी दहावरून चाळीसवर. याला फूट म्हणायचं? मतदार सरळ उठून पलीकडे गेला की.

मुद्दा हा की पीसीला मत देणाऱ्या माणसाची दुसरी पसंती वाइल्डरोजच असणार हे कोणी ठरवलं? कॅल्गरी-एडमंटनमध्ये असे भरपूर होते की ज्यांना वाइल्डरोजपेक्षा नॉटली चालली असती. मत म्हणजे काही पक्षाच्या नावावरची एफडी नाही की दोन बँका एक झाल्या की रक्कम आपोआप एका खात्यात.

बो_नदीकाठचा_काका:

आकडेमोड, मग २०१९ ला कशी जमली बेरीज? ५२ चे ५५ झाले उलट.

आकडेमोड_करणारा:

जमली ना, पण मध्ये चार वर्षं तेलाची मंदी, कार्बन टॅक्स, डाउनटाऊनमधली रिकामी ऑफिसं, पाइपलाइनची रखडपट्टी. लोक एनडीपीवर चिडले होते म्हणून जमली. २०२३ ला बघा, समोरासमोर सरळ लढत, तिसरा कोणी नावालासुद्धा नाही, यूसीपी ५२.६ आणि एनडीपी ४४. प्रांतात ४९ विरुद्ध ३८. आणि कॅल्गरीत एनडीपी पुढे, २६ पैकी १४! तुमच्या त्याच ग्लेनमोरमध्ये एनडीपी पुन्हा पन्नासहून कमी मतांनी जिंकली. फूट नव्हती तरी. ती मतं कुठे गेली? तुमच्या चिनूकरावांसारखे लोक गेले, काही पलीकडे आणि काही घरी बसले. त्यांना जाब विचारण्याऐवजी यूसीपीने स्वतःला विचारावं.

सरेवाली_ताई:

अल्बर्टाचं तुम्ही बघा, मी शेजारच्या बीसीची (ब्रिटिश कोलंबियाची) व्यथा सांगते कारण आमच्याकडे हा खेळ सत्तर वर्षं चाललाय आणि प्रत्येक वेळी नवीन नाटक.

सगळ्यात मजेशीर १९५२ चं. तेव्हा इथे लिबरल आणि कन्झर्व्हेटिव्ह यांची युती होती, एकच हेतू, सीसीएफला (म्हणजे आताच्या एनडीपीची आई) येऊ द्यायचं नाही. युती मोडायला आली तेव्हा त्यांनी युक्ती काढली की मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा, एक दोन तीन. म्हणजे लिबरलवाला दुसरा नंबर कन्झर्व्हेटिव्हला देईल, कन्झर्व्हेटिव्हवाला लिबरलला, आणि सीसीएफ बाहेर. कागदावर झकास. प्रत्यक्षात झालं काय, लोकांनी दोघांनाही कंटाळून दुसरे नंबर सोशल क्रेडिट नावाच्या कोपऱ्यातल्या पक्षाला दिले! सोशल क्रेडिट १९, सीसीएफ १८, आणि ज्यांनी सापळा लावला ते लिबरल ६ आणि कन्झर्व्हेटिव्ह ४. डब्ल्यू.ए.सी. बेनेट मुख्यमंत्री झाले ते १९७२ पर्यंत हललेच नाहीत, आणि १९५३ ला बहुमत मिळाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर ती पसंतीक्रमाची पद्धतच काढून टाकली. शिडीने चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची.

फूट खरोखर महागात पडली ती १९९६ ला. बीसी लिबरल ४१.८ टक्के, एनडीपी ३९.५ टक्के, आणि रिफॉर्मने ९ टक्के खाल्ले. सीटा? एनडीपी ३९, लिबरल ३३. मतं जास्त मिळवून हरले. (नवीन लोकांसाठी, बीसी लिबरल हा नावाला लिबरल, ओटावाच्या लिबरलांशी काही संबंध नाही, आत अर्धे फेडरल कन्झर्व्हेटिव्ह. मला हे कळायला तीन वर्षं लागली, मी उगाच ट्रूडोचे लोक समजत होते.)

आता अलीकडचं. मी त्याच बीसी लिबरलची मतदार, धंदा आहे आमचा छोटा, केटरिंगचा. २०२२ ला आमचे पुढारी केव्हिन फाल्कन यांनी आमदार जॉन रस्टाडना हवामानबदलाच्या पोस्टवरून कॉकसमधून (पक्षाच्या आमदारांच्या गटातून) काढलं. रस्टाड उठले आणि बीसी कन्झर्व्हेटिव्हमध्ये गेले, जो पक्ष तोपर्यंत जवळजवळ मेलेला होता. इकडे आमच्या लोकांनी नाव बदलून बीसी युनायटेड केलं. एवढं चालू नाव टाकून असलं नाव! मतदाराला कळेना कोण कोण. पुढे लँगफर्डच्या पोटनिवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह दुसरे आणि आम्ही चौथे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर, एके दिवशी दुपारी फाल्कन म्हणाले आम्ही लढतच नाही, मतं फुटू नयेत म्हणून थांबतोय.

तेव्हा मी किचनमध्ये दोनशे माणसांचा पुलाव लावत होते आणि फोनवर बातमी. राग कशाचा आला सांगू? मला कोणी विचारलंच नाही. माझा पक्ष शटर ओढून निघून गेला आणि मला वर सांगितलं की आता समोरच्या दुकानातून घे, तुझ्याच भल्यासाठी आहे. काही जुने आमदार अपक्ष उभे राहिले, एकही आला नाही. मी शेवटी कन्झर्व्हेटिव्हला दिलं, पण अ‍ॅडव्हान्स व्होटिंगला दोनदा रांगेतून परत आले होते. माझी बहीण कोक्विटलमला, तीही बीसी लिबरलच, तिने एनडीपीला दिलं आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे आकडेमोड म्हणतात ते माझ्या घरातच घडलं.

आणि फूट टाळूनही काय झालं? एनडीपी ४७, कन्झर्व्हेटिव्ह ४४, ग्रीन २. बहुमताला ४७ च लागतात. तो सत्तेचाळिसावा आकडा ठरला आमच्या सरे-गिल्डफर्डमध्ये, जजसमोर फेरमोजणी होऊन २२ मतांनी! बावीस मतं म्हणजे आमच्या गणपतीच्या आरतीला येतात त्याहून कमी माणसं. आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कन्झर्व्हेटिव्हमधून तीन आमदार बाहेर, त्यातल्या दोघींनी वनबीसी काढला. जोडलेलं पुन्हा उसवलं.

दादरचा_पाहुणा:

मी कॅनडात नाही, भावाकडे जाऊन आलोय फक्त. पण वाचताना माहीम आठवलं म्हणून राहवलं नाही. २०२४ विधानसभा, अमित ठाकरे मनसे, सदा सरवणकर शिंदेंची सेना, महेश सावंत उद्धवची सेना. सरवणकरांनी माघार घ्यावी म्हणून किती दबाव, घेतली नाही. सावंत १,३१६ मतांनी आले आणि अमितला ३३ हजारांवर मतं. एकाच घराण्यातून निघालेले तीन झेंडे आणि एक मतदारसंघ. आमच्या चाळीत एकाच खोलीत तिन्हीकडे मतं गेली, आणि गंमत म्हणजे तिघांनाही वाटतं मतं दुसऱ्याने खाल्ली.

२००९ च्या लोकसभेला पण मुंबईत मनसेमुळे युतीच्या सहाच्या सहा गेल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस "तुम्ही काँग्रेसला निवडून दिलं" यावरून जिन्यात भांडणं. बाकी चालू द्या.

मिसिसागाची_मावशी:

हाहा जिन्यातली भांडणं. आमच्या ऑन्टारिओत उलटं, इथे उजवे एक आणि डावे फुटलेले. २०२२ ला उजव्या पक्षाच्या डग फोर्डना ४१ टक्क्यांच्या आत मतं आणि १२४ पैकी ८३ सीटा, कारण लिबरल आणि एनडीपी दोघं २४-२४ टक्के घेऊन बसले. उजवीकडे न्यू ब्लू वगैरे छोटे पक्ष उभे राहतात, फोर्डच्या केसालाही धक्का लागत नाही. तेव्हा ही फूट काही उजव्यांचा जन्मरोग नाही, ज्याच्या घरात दोन चुली त्याचा तोटा.

आणि मत वाया जाणं बघायचं असेल तर क्विबेक. २०२२ ला तिथल्या कन्झर्व्हेटिव्हना जवळपास १३ टक्के मतं आणि सीट शून्य. लिबरलना १४ टक्क्यांवर २१ सीटा! दीड टक्क्याचा फरक. सगळा खेळ मतं कुठे साठलीत याचा.

सांगलीचा_चिनूक:

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. ताई तुमचा शटरचा किस्सा बायकोला वाचून दाखवला. पण आता अजून गोंधळ. काका म्हणतात सहा मतं, आकडेमोड म्हणतात बेरीजच खोटी. मग मी करू काय? आणि ते रिपब्लिकनवाले, त्यांची खरंच एवढी ताकद आहे का? ऑफिसातला तो गडी फार जोरात असतो.

रेड_डिअरचा_देशपांडे:

मी सेंट्रल अल्बर्टात राहतो, रिपब्लिकनांच्या माहेरीच म्हण, त्यामुळे उत्तर देतो.

जून २०२५ ला ऑल्ड्स-डिड्सबरी-थ्री हिल्सची पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकनांनी पुढाऱ्यालाच उभं केलं, हवा खूप होती, रस्त्याला निळ्या पाट्याच पाट्या. निकाल, यूसीपी ६० च्या वर, एनडीपी २० च्या आसपास, रिपब्लिकन १७-१८ टक्के. तिसरे. आणि अल्बर्टात त्यांच्यासाठी याहून सोयीची जागा सापडणं कठीण. याच ऑल्ड्स-डिड्सबरीत फेब्रुवारी १९८२ ला वेस्टर्न कॅनडा कॉन्सेप्ट या वेगळं-व्हा पक्षाचा गॉर्डन केस्लर पोटनिवडणूक चक्क जिंकला होता, ट्रूडो थोरल्यांच्या एनर्जी प्रोग्रॅमवर लोक पेटले होते तेव्हा. लॉहीडनी काय केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरला निवडणूक लावली आणि ७९ पैकी ७५ जागा घेतल्या. कॉन्सेप्टला प्रांतभर जवळपास १२ टक्के मतं आणि सीट एकही नाही. पोटनिवडणुकीत लोक राग काढतात, कारण सरकार पडणार नसतं. मुख्य निवडणुकीत तेच लोक हिशोब करतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे. हे सगळे प्रांताचे टक्के वाचून काही उपयोग नाही भाऊ, तुझं रायडिंग कोणतं ते बघ आधी. माझ्या बाजूच्या खेड्यांत यूसीपी साठ-सत्तर टक्के घेते, तिथे मी मनातल्याला दिलं काय आणि नाही दिलं काय, कोणाचं काही बिघडत नाही, उलट वर निरोप जातो की इथले लोक नाराज आहेत. म्हणून मी बिनधास्त देतो. पण तू ग्लेनमोर किंवा तसल्याच रायडिंगमध्ये असशील तर प्रकरण वेगळं, तिथे काकांच्या तीन मतांना किंमत होती. रायडिंगच्या हद्दी पण २०२७ साठी बदलतायत, तेव्हा जुन्या आकड्यावर विसंबू नकोस, निवडणूक जवळ आली की पत्ता टाकून बघ.

दुसरं, आणि हे आपले लोक कधी करत नाहीत. पक्षाचा मेंबर हो. सत्ता बदलली ती बॅलटवर कमी आणि मेंबरांच्या मतांवर जास्त. मे २०२२ ला केनीनी पुढारी राहावं का यावर मेंबरांनी त्यांना ५१.४ टक्के दिले, म्हणजे पासच केलं तांत्रिकदृष्ट्या, पण माणूस त्याच रात्री म्हणाला जातो. मग नेता निवडताना सात उमेदवार आणि पसंतीक्रमाची मतपत्रिका, सहाव्या फेरीत स्मिथबाई जेमतेम ५४ टक्क्यांनी आल्या. बघ की, स्वतःच्या घरात नेता निवडताना पसंतीक्रम चालतो, कारण तिथे मतं फुटून भलताच निवडून आलेला त्यांना नको असतो. आपल्याला मात्र एकच फुली. अल्बर्टात पण १९२६ पासून पसंतीक्रमाचीच पद्धत होती, सोशल क्रेडिटवाल्या मॅनिंगना १९५५ ला विरोधकांनी जरा घाम फोडला आणि त्यांनी ती गुंडाळली. ताईंची शिडी इथेही.

सरेवाली_ताई:

आणि लोकांना विचारलं तरी काय होतं. बीसीत २००५ ला ५७.७ टक्के लोकांनी पद्धत बदला म्हणून मत दिलं, अट ६० ची, पडलं! २०१८ ला परत विचारलं तर ६१ टक्के म्हणाले आहे ते राहू दे. मी तेव्हा आहे ते राहू दे म्हणालेली, आता २२ मतांनंतर कपाळाला हात.

बो_नदीकाठचा_काका:

देशपांडे बरोबर बोलतायत. एक माझ्याकडून, चिनूक. मी त्या वाइल्डरोजच्या मताबद्दल चार वर्षं बोलणी खाल्ली पण खरं सांगू का, मला पश्चात्ताप नाही. त्या प्रेन्टिसच्या आरशानंतर पीसीला मत देणं माझ्याच्याने झालंच नसतं. वाइल्डरोज नसता तर मी त्या दिवशी घरी बसलो असतो, तेव्हा माझं मत "फुटलं" असं म्हणताच येत नाही, ते पीसीकडे नव्हतंच. आमच्या मुलाने मात्र पुढे कबूल केलं की तो एनडीपीलाच देऊन आला होता. म्हणजे टेबलावर चार वर्षं आम्ही जो तीन मतांचा हिशोब मांडत होतो तो मुळातच चुकीचा! आकडेमोड, हसू नका.

आकडेमोड_करणारा:

हसतोय काका. एका घरात तीन मतं कोणाची ते बापाला माहीत नाही आणि पक्षवाले लाखांची बेरीज करतात.

सांगलीचा_चिनूक:

काका 😂

बरं, पत्ता टाकून पाहिला. आत्ताच्या हद्दीप्रमाणे मी ग्लेनमोरमध्येच आहे! आता शेजाऱ्याला तोंड कसं दाखवू. बायकोला सांगितलं तर ती म्हणे मग आता घरी बसायचं कॅन्सल, दोघं जायचं, पण मी कोणाला देणार ते तुला सांगणार नाही.

मेंबरशिप केवढ्याला असते हो? आणि मेंबर झालं की लॉनवर पाटी लावायलाच लागते का, कारण समोरच्या घरी एनडीपीची असते आणि त्यांच्याकडूनच आम्ही स्नो ब्लोअर आणतो.

रेड_डिअरचा_देशपांडे:

२०२२ ला नेता निवडताना दहा डॉलर होती, आता साइटवर बघ. पाटीची सक्ती नाही. स्नो ब्लोअर सांभाळ.